चारशेला एक

झाडांच्या बाबतीतला एक आकडा मला कधीचा छळतोय. हवेतला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पानात शिरतो तेव्हा त्याच दारातून, म्हणजे पानावरच्या रंध्र नावाच्या बारीक भोकातून, पाण्याचे साधारण चारशे रेणू बाहेर पडतात. कधी तीनशे, कधी पाचशेच्याही वर, हवा किती कोरडी आणि झाड कुठलं त्यावर ठरतं, पण चारशेला एक धरून चाला. मुळांनी जिवाचा आटापिटा करून मातीतून जे पाणी ओढलं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त असं वाफ होऊन उडून जातं, झाडाच्या अंगी लागतं ते अगदी थोडं. असला भाव लावून कोणी व्यापार केला तर महिनाभरात दुकान बंद होईल, आणि झाडं मात्र चाळीस कोटी वर्षांपेक्षा जास्त काळ हाच धंदा करतायत आणि जमिनीवर त्यांच्याइतकं यशस्वी दुसरं कोणी नाहीये.

शाळेत बाष्पोच्छ्वास, म्हणजे पानांतून असं वाफ उडणं, शिकवतात तेव्हा त्याला बहुतेक वेळा 'आवश्यक अनिष्ट' असं काहीतरी म्हणून मोकळे होतात. मला ते कधीच पटलं नाही, कारण त्यात असा सूर असतो की झाडाच्या रचनेत कुठेतरी गळती राहून गेलीये, जरा बरी रचना असती तर पाणी वाचलं असतं. पण गळती नाहीये ती. भाव झाडानं ठरवलेलाच नाही, तो हवेनं ठरवलाय, आणि कसा ते एकदा आकडे मांडून बघितलं की चारशे हा आकडा उलट स्वस्त वाटायला लागतो.

म्हणजे बघा, पानाच्या आत पेशींच्या मधे मधे पोकळ्या असतात आणि त्या पेशींच्या भिंती ओल्या असतात, त्यामुळे आतली हवा जवळजवळ वाफेनं भरलेली. ३० अंश तापमानाला वाफेनं भरलेल्या हवेत दर दहा लाख रेणूंमागे सुमारे ४२ हजार रेणू पाण्याचे असतात. बाहेरची हवा ४० टक्के आर्द्रतेची असेल तर तिथे सुमारे १७ हजार. फरक झाला २५ हजारांचा. आता कार्बन डायऑक्साइड घ्या, बाहेरच्या हवेत दहा लाखांत साधारण ४२०, आणि पानाच्या आत, जिथे हरितलवकं तो खेचून घेतायत तिथे २९०-३०० च्या आसपास, म्हणजे फरक जेमतेम सव्वाशेचा. कुठलाही वायू जास्तीकडून कमीकडे पसरतो आणि फरक जितका मोठा तितका जोरात पसरतो. त्यात पाण्याचा रेणू हलका, हवेत तो कार्बन डायऑक्साइडच्या दीडपटीहून जास्त वेगानं, म्हणजे १.६ पट वेगानं सरकतो. २५ हजार भागिले सव्वाशे म्हणजे दोनशे, त्याला १.६ नं गुणा, सव्वातीनशेच्या जवळ आलात. हवा आणखी कोरडी किंवा पान आणखी तापलेलं असेल तर चारशे सहज होतात. यात झाडाचा दोष कुठे आहे? जे हवंय ते बाहेर चिमूटभर आहे आणि जे राखायचंय ते आत भरभरून आहे, आणि एक वायू आत येऊ देईल पण पाण्याची वाफ अडवेल असा पडदा कुठल्याही झाडाला आजवर जमलेला नाही.

मग झाडाच्या हातात काय उरतं? भाव हातात नाही, पण दुकान कधी उघडायचं, किती उघडायचं आणि कुठल्या बाजूला उघडायचं हे आहे. रंध्रांची सगळी गोष्ट या तीन गोष्टींत येते असं माझं मत आहे.

बाकी पान तसं बंदच असतं. वरून क्युटिकलचा मेणचट थर, त्यातून पाणी जवळपास जात नाही आणि कार्बन डायऑक्साइड तर त्याहून नाही. या बंद कातडीत मधे मधे ही भोकं. बघायची असतील तर फार काही लागत नाही, पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ओढायची, पानाचा ठसा पट्टीवर निघून येतो आणि साध्या मायक्रोस्कोपखालीसुद्धा दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं की गोल भोकं दिसतील, पण दिसतात त्या जोड्या. दोन वाकडे दाणे समोरासमोर ठेवलेले आणि त्यांच्या मधे फट. या दोन रक्षक पेशी. फट पूर्ण उघडली तरी काही मायक्रॉन रुंद, केसाच्या जाडीत अशा कितीतरी मावतील. एका चौरस मिलिमीटरमध्ये शे-दोनशे सहज असतात, काही झाडांत पाचशेच्याही वर. आणि एक गोष्ट लगेच लक्षात येते की दोन जोड्या सहसा एकमेकींना चिकटून नसतात, मधे निदान एक तरी साधी पेशी असतेच, पान वाढत असतानाच शेजारच्या पेशींना 'तू रंध्र होऊ नको' असा रासायनिक निरोप जातो. ज्या झाडांत हा निरोप बिघडतो तिथे रंध्रांचे घोसच्या घोस उगवतात आणि मग दारं नीट उघडतमिटत नाहीत.

सगळी भोकं पूर्ण उघडी धरली तरी त्यांचं एकूण क्षेत्र पानाच्या एक-दोन टक्केच भरतं. आणि तरीही उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून जितकी वाफ उडेल त्याच्या अर्ध्याएवढी किंवा त्याहूनही जास्त वाफ पानातून उडू शकते. हे वाचल्यावर मला वाटलं काहीतरी छापण्यात चुकलंय. पण १९०० साली ब्राउन आणि एस्कोम्ब या दोघांनी हेच प्रयोग करून दाखवलं होतं, की बारीक भोकातून वायू किती जाईल हे भोकाच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, व्यासावर ठरतं, कारण कडेजवळचे रेणू सरळ बाहेर न जाता बाजूला पसरतात, आणि भोक जितकं लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानानं कड जास्त. एक मिलिमीटरचं एक भोक घ्या आणि त्याच क्षेत्राची दहा हजार बारकी भोकं करा, प्रत्येकाचा व्यास शंभरावा हिस्सा, म्हणजे एकूण वाहतूक तत्त्वतः शंभरपट. अट एवढीच की भोकं एकमेकांपासून पुरेशी लांब हवीत, नाहीतर एकाची वाफ दुसऱ्याच्या वाटेत येते. खऱ्या पानात हिशोब इतका स्वच्छ बसत नाही, रंध्राला खोली असते, पानावर स्थिर हवेचा थर असतो, पण शेजारी शेजारी रंध्र नको हा नियम मला यानंतर जास्त कळला. (आणि सकाळी पानांच्या टोकांवर जे पाण्याचे थेंब दिसतात त्यांचा याच्याशी संबंध नाही, ते वेगळ्या जलरंध्रांतून मुळांच्या दाबानं बाहेर येतात आणि ती नेहमी उघडीच असतात. लोक त्याला सरसकट दव म्हणतात.)

आता उघडायचं कसं. पेशीला स्नायू नाहीत, सांधा नाही. जे आहे ते पाण्याचा दाब. सकाळी उजेड पडला की त्यातला निळा भाग रक्षक पेशींच्या आवरणातली काही प्रथिनं ओळखतात, त्यावरून पंप सुरू होतात, पंप हायड्रोजनचे भारित कण पेशीबाहेर फेकतात, आवरणाच्या दोन बाजूंत विजेचा फरक पडतो, आणि त्या ओढीनं पोटॅशियम आत घुसतं. पोटॅशियम आत आलं की मागोमाग पाणी आलंच. पेशी फुगते, वाकते, फट उघडते. फार वर्षं लोक समजत होते की पेशीतल्या स्टार्चची साखर होते आणि त्यामुळे पाणी आत येतं, पोटॅशियमचा मोठा वाटा आहे हे १९६० च्या दशकात नीट सिद्ध झालं. साखरेचा भाग अगदीच खोटा नव्हता, दुपारनंतर साखरही हातभार लावते, पण सकाळचं काम पोटॅशियमचं. १९७७ मध्ये कांद्याच्या पानातल्या रक्षक पेशींच्या भिंती काढून टाकून नुसत्या नागड्या पेशींवर निळा प्रकाश टाकून बघितला, त्या तशाही फुगल्या.

आणि फुगल्यावर वाकते का, सरळ का फुगत नाही? पाठ्यपुस्तकात उत्तर ठरलेलं आहे, आतली भिंत जाड असते म्हणून. माझ्या मते हे अर्धंच उत्तर आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच छापलं जातंय. खरी करामत भिंतीतल्या सेल्युलोजच्या धाग्यांची. ते पेशीभोवती आडवे, कड्यांसारखे गुंडाळलेले असतात, त्यामुळे पेशी जाड होऊ शकत नाही, फक्त लांब होऊ शकते, आणि दोन्ही टोकं जोडीदाराला चिकटलेली असल्यामुळे लांब व्हायला जागा नाही, मग ती बाहेरच्या बाजूला बाक घेते. १९७३ मध्ये काही संशोधकांनी लांबट फुग्यांना चिकटपट्ट्या लावून हे करून पाहिलं, हे मला फार आवडतं, एवढ्या सूक्ष्म गोष्टीचं उत्तर फुग्यांनी दिलं. पूर्ण उघड्या रंध्राच्या पेशीत काही झाडांत चाळीस वातावरणांइतका दाब मोजलेला आहे. एवढा लागतो कारण शेजारच्या पेशीही फुगलेल्या असतात आणि त्या उलट दाबत असतात. म्हणूनच पान देठापासून तोडलं तर रंध्रं लगेच मिटत नाहीत, आधी काही मिनिटं उलट जास्त उघडतात, शेजाऱ्यांचा जोर आधी ओसरतो ना, आणि मग भानावर आल्यासारखी मिटतात.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. पूर्ण वाढलेल्या रक्षक पेशीचा शेजारच्या पेशींशी आतून संबंधच नसतो. झाडाच्या बहुतेक पेशी बारीक नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, रक्षक पेशींच्या त्या नळ्या मोठं होताना बंद होतात. पानाची बाहेरची पातळ साल सोलून ती पोटॅशियमच्या पाण्यात तरंगत ठेवली आणि उजेड दाखवला तर रंध्रं उघडतात, खाली पान नाही, मूळ नाही, झाडच नाही, तरी. म्हणजे एका झाडावर कोट्यवधी दारं आणि प्रत्येक दाराचा निर्णय तिथल्या तिथे. वर कोणी मालक बसलेला नाही. जे निरोप येतात ते सगळे बाहेरून आणि एकमेकांच्या विरुद्ध. उजेड म्हणतो उघड. आत कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर तेही म्हणतं उघड. बाहेरची हवा कोरडी झाली तर मिट. माती सुकत आली, पान मलूल व्हायला लागलं की अॅबसिसिक अॅसिड नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते म्हणतं मिट, आत्ता. त्याचा निरोप पोचला की ऋण भाराच्या कणांचे मार्ग उघडतात, ते बाहेर पडतात, मागे पोटॅशियम, मागे पाणी, आणि काही मिनिटांत पेशी ढिली पडते. टोमॅटोचा एक बिघडलेला वाण आहे ज्याला हे संप्रेरक पुरेसं बनवताच येत नाही, त्याची रंध्रं उघडीच राहतात आणि माती ओली असूनही झाड कोमेजतं, वरून तेच संप्रेरक फवारलं तर उभं राहतं. पाणी भरपूर असूनही कोमेजणारं झाड... पाणी नसणं आणि थांबता न येणं यात परिणामाला काही फरक राहत नाही.

मिटायची एवढी घाई का, तर पाणी वर चढतं ते पंपानं नाही, वरून ओढलं जातं. पानातून वाफ उडते, तिच्या जागी पाणी ओढलं जातं, आणि ही ओढ पाण्याच्या अखंड धाग्यातून पार मुळांपर्यंत पोचते, हे डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलं. ओढ फार वाढली की धाग्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती जलवाहिनी निकामी होते. एखादी गेली तर चालतं, पुष्कळ गेल्या तर ती फांदी वाळते. त्यामुळे भर दुपारी, ऊन सगळ्यात जास्त असताना, म्हणजे खरं तर कमाईच्या ऐन वेळी कितीतरी झाडं दारं अर्धी ओढून घेतात.

स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लंडमधल्या एका पाद्र्यानं यातलं काहीच माहीत नसताना पाण्याचा हिशोब मात्र मांडला होता. त्यानं कुंडीतलं साडेतीन फूट उंचीचं सूर्यफूल घेतलं, मातीवर शिशाचा पत्रा बसवला म्हणजे मातीतून पाणी उडणार नाही, आणि सकाळ-संध्याकाळ कुंडी वजन करत राहिला. दिवसाच्या बारा तासांत सरासरी सव्वा पौंड पाणी जायचं, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या वर. कोरड्या उबदार रात्री तीन औंस, आणि दव पडलं की शून्य. १७२७ च्या त्याच्या पुस्तकात हे आकडे आहेत. एक तराजू आणि चिकाटी, बाकी काही नाही, आणि दिवसा-रात्रीचा तो फरक म्हणजे रंध्रांची उघडझाप होती हे आपल्याला आता कळतं.

कुठल्या बाजूला उघडायचं याची उत्तरं झाडांनी आपापली काढलीत. पुष्कळ वृक्षांची रंध्रं फक्त पानाच्या सावलीतल्या, खालच्या बाजूला. पाण्यावर तरंगणाऱ्या कमळवर्गातल्या पानांची वरच्या बाजूला, खाली तर पाणीच. कण्हेरीची खालच्या बाजूच्या खड्ड्यांत आणि खड्ड्यांत वर केस, वारा आत पोचूच नये म्हणून. गवतांची, म्हणजे गहू, भात, मका सगळे आले, रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या आणि शेजारच्या मदतनीस पेशींच्या जोरावर फार चपळ, ढग आला गेला तरी त्यांचं दार हलतं.

पण खरा डोकेबाज उपाय वेळेचा. १८१५ मध्ये बेंजामिन हेन यानं लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या अंकात एक विचित्र निरीक्षण छापलं, हा माणूस हिंदुस्थानात वनस्पतींवर काम करायचा. पानफुटीची पानं सकाळी चावली तर आंबट लागतात, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. पान खाऊन बघत होता दिवसभर, अजून काय पाहिजे! कारण कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली. पानफुटी, निवडुंग, अननस, घायपात ही मंडळी रात्री दारं उघडतात, हवा गार आणि दमट असताना, तेव्हा आतबाहेरच्या वाफेतला फरक कमी असतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा दारं बंद करून तोच सोडवून प्रकाशसंश्लेषण करतात, आम्ल संपलं की आंबटपणा संपला. भाव चारशेवरून पन्नास ते शंभरवर येतो. मग सगळ्याच झाडांनी असं का नाही केलं? कारण साठवायला जागा मर्यादित, रात्रीत भरेल तेवढ्याच मालावर दिवस काढायचा, वाढ हळू. मका-ऊस यांनी मधला मार्ग काढला, आतली कार्बन पकडायची यंत्रणाच इतकी जोरदार केली की दार थोडं किलकिलं असलं तरी भागतं.

दार म्हटलं की नको ते पाहुणेही आलेच. घेवड्याच्या तांबेऱ्याची बुरशी पानावर सरपटत जाते आणि रक्षक पेशीच्या काठाचा उंचवटा, जेमतेम अर्धा मायक्रॉन, तो लागला की तिला कळतं दार आलं, १९८७ मध्ये प्लास्टिकवर तसलेच उंचवटे करून तिला फसवून दाखवलं होतं. जिवाणूंचं तर आणखी पुढे. पानावर जिवाणू आले हे रंध्राला कळतं आणि तासा-दोन तासांत ते मिटतं, हे २००६ मध्ये कळलं, तोपर्यंत रंध्र म्हणजे बिचारं उघडं भोक असाच समज होता. पण त्यातल्या एका जिवाणूकडे असं विष आहे की ते झाडाच्याच एका संप्रेरकाची नक्कल करतं आणि मिटलेलं दार परत उघडायला लावतं. म्हणजे पाणी आणि कार्बनचा हिशोब करता करता त्याच दोन पेशींना हेही बघायचं.

आणि आता हवाच बदलतीये. १९८७ मध्येच वुडवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुन्या संग्रहांत वाळवून ठेवलेली पानं मायक्रोस्कोपखाली घेतली, दोनशे वर्षांतली, आणि रंध्रं मोजली. ती सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. औद्योगिक काळाआधी हवेत दहा लाखांत २८० कार्बन डायऑक्साइड होता, तो वाढत गेला तशी त्या झाडांना कमी दारं पुरायला लागली. सगळ्या जातींत एवढं दिसत नाही, काहींत अजिबात नाही. आणि दारं कमी म्हणजे पाणी वाचलं असं म्हणून खूश व्हायलाही मी तयार नाही, कारण ती उडणारी वाफच पानाला थंड ठेवते, एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. वाफ कमी, पान जास्त गरम, आणि गरम पानाच्या आत वाफेचं प्रमाण पुन्हा वाढतं, भाव परत चढला.

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ निलगिरीची झाडं मोठ्या बंद कक्षांत वाढवून त्यांना सलग चार दिवस ४३ अंशांच्या वरची उष्णता दिली होती, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुस्तकातल्या हिशोबानं त्यांनी दारं मिटायला हवी होती, कारण तेवढ्या उष्णतेत प्रकाशसंश्लेषण जवळजवळ शून्यावर आलं होतं, कार्बन काही मिळतच नव्हता. पण पानं वाफ सोडत राहिली. मुळांना खालून पाणी मिळत होतं आणि ती ते उडवत राहिली, चारशेला एक तर सोडाच, चारशेला शून्य, आणि पानं भाजली नाहीत.